माजघर : जिभेवरचं खरं

या आठवड्यात कुरडयांचा चीक कसा शिजवावा ते लिहीन, असं मी गेल्या खेपेला कबूल केलं होतं. गहूही भिजत घातले होते. पण मध्येच असं काही घडलं की कुरडया पुढच्या आठवड्यावर ढकलाव्या लागताहेत. रागावू नका. आधी सगळं वाचा आणि मग नाक मुरडायचं तर खुशाल मुरडा. गेल्या गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला माझ्या धाराशिवच्या स्वयंपाकघरात इटलीच्या लाल वाइनच्या दोन बाटल्या उघडल्या गेल्या, आणि त्यातला एक घोट मी स्वतः तोंडात घेतला. गिळला नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

झालं का नाक मुरडून? मग आता मुळापासून सांगते.

माझा धाकटा भाऊ तुळजापूर तालुक्यात शेती करतो. दोन एकर द्राक्षबाग आहे. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्रज्ञान शिकली आणि दोन वर्षांपूर्वी नाशिककडच्या एका वाइनच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. काम काय, तर टाक्यांमधले नमुने आणायचे, त्यांची आंबटाई मोजायची, राहिलेली साखर मोजायची. आणि रोज सकाळी पंधरा-वीस नमुने जिभेवर घोळवून थुंकून टाकायचे नि प्रत्येकाचा निकाल वहीत लिहायचा. कुठली टाकी चांगली चालली आहे, कुठली बिघडायला लागली आहे, हे बऱ्याचदा आधी तिची जीभ सांगते आणि मागून यंत्र.

या पोरीला लातूरकडचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा बँकेत, माणसं चांगली. रविवारी बघायला येणार असं ठरलं आणि घरात वादाला तोंड फुटलं. भाऊ म्हणाला, "वाइनचं नाव काढायचं न्हाई. फळांच्या रसाच्या कारखान्यात हाय म्हणून सांगायचं. लग्न झाल्यावर बघू पुढचं पुढं." पोरगी म्हणाली, "मी खोटं सांगणार नाही." भावजय काहीच म्हणाली नाही. तिनं दोन दिवस लेकीशी बोलणंच टाकलं.

भावजयीला नावं ठेवू नका हं. तिचा पाठचा भाऊ दारूपायी गेला, चौतिसाव्या वर्षी. मागे बायको आणि दोन लहान मुलं. आपल्या राज्यात नियम आहे ना, गावातल्या बायकांनी सह्या करून मागणी केली की दारूच्या दुकानासाठी मतदान घेतात, आणि निम्म्याहून अधिक बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. त्यांच्या गावात असं मतदान झालं तेव्हा ही बाई भर उन्हात घरोघर फिरली होती. ती मला म्हणाली, "ताई, ज्या हातानं आडव्या बाटलीवर शिक्का मारला, त्याच हातानं पोरीच्या पगाराचे पैसे घ्यायचे का वं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी भावाचा फोन आला. "ताई, मायलेकींना तुझ्याकडं धाडायलोय. तुझं ऐकती ती. तूच समजाव." मी समजावायचं कबूल केलं. बुधवारी संध्याकाळच्या एसटीनं दोघी उतरल्या. भाचीच्या पिशवीत दोन साड्या, टॉवेलात गुंडाळलेले सहा काचेचे पेले आणि वर्तमानपत्रात बांधलेल्या दोन बाटल्या! मी बघतच राहिले. तिनं आधी पाकिटातून परवाना काढून दाखवला (आपल्याकडे बाळगायलाही परवाना लागतो) आणि म्हणाली, "आत्या, पुढच्या महिन्यात माझी चवीची परीक्षा आहे. इटलीच्या लाल वाइनचा सराव करायचाय. घरी बाबा करू देत नाहीत, आई बघत नाही. तू बघशील? तू बघितल्यावर सांग, लपवण्यासारखं काम आहे का ते."

आता सांगा, कुठली आत्या नाही म्हणेल?

तयारी बघूनच मला पहिलं नवल वाटलं. मी समजत होते, वाइनची चव म्हणजे ऐषारामाचा खेळ. हिनं तर माझ्याच घरात मला सोवळं पाळायला लावलं. सकाळी फोडणी द्यायची नाही, उदबत्ती लावायची नाही, केसांतला मोगऱ्याचा गजरा बाहेर काढून ठेवायचा. लवंग-वेलची तोंडात टाकायची नाही. पेले गरम पाण्यानं विसळायचे, वासाची पावडर लावायची नाही आणि धुतलेल्या कोऱ्या मलमलीनं पुसायचे. मसाल्याच्या हाताचं फडकं लावलं तर पेल्यात वाइनऐवजी गोडा मसाला हुंगावा लागेल. स्टीलचे पेले चालत नाहीत, कारण रंग दिसत नाही. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली, कारण लाल वाइन सोळा ते अठरा अंशांवर चाखायची असते आणि आपल्या खोलीत मार्चातच पारा पस्तिशीला टेकतो. गरम झाली की नुसता मद्याचा भपकारा येतो, बाकीचं काही कळत नाही.

थुंकायला भांडं हवं होतं. सासऱ्यांची पितळी पिकदाणी माळ्यावर पडली होती, ती चिंचेनं घासून चकचकीत केली. मामंजींनी वरून बघितलं असेल तर काय म्हणाले असतील कोण जाणे!

बाटलीवरचं लेबल भाचीनं मला वाचून दाखवलं. 'क्यांती क्लासिको'. इटलीत टस्कनी नावाचा प्रांत आहे, त्यात फ्लोरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधला डोंगराळ मुलूख म्हणजे क्यांती. तिथल्या वाइनची हद्द राजानं १७१६ साली ठरवून दिली होती. वाइनवाल्यांनी १९२४ साली संघ काढला आणि काळा कोंबडा ही खूण घेतली. १९८४ सालापासून तिला तिथल्या सरकारचा सगळ्यात वरचा दर्जा आहे. बाटलीच्या मानेवर क्रमांकाची सरकारी पट्टी असते. नियम कडक. 'सांजोवेसे' नावाची द्राक्षं शंभरात निदान ऐंशी भाग पाहिजेत, आणि निदान बारा महिने मुरल्याशिवाय विकायची नाही.

कोंबड्याची कथाही गमतीची आहे. दोन शहरांत हद्दीचं भांडण होतं. ठरलं असं, की कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक स्वार निघेल, आणि दोघे भेटतील तिथे हद्द. सिएनावाल्यांनी पांढरा कोंबडा खाऊ घालून गुबगुबीत ठेवला, तो सुस्तावला. फ्लोरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा उपाशी ठेवला, तो पहाटेच्याही आधी आरवला. त्यामुळे जवळजवळ सगळा मुलूख त्यांना मिळाला. खरंखोटं देव जाणे, पण गोष्ट आपल्या आजीनं सांगावी अशी आहे.

मी म्हटलं, "म्हणजे तुपाच्या डब्यावर अॅगमार्क असतो तसंच की हे. मग आता चाखायचं काय राहिलं?" भाची हसली. "आत्या, लेबल म्हणजे पत्रिका. छत्तीस गुण जुळले तरी संसार कसा होतो ते नंतरच कळतं ना? बाटली कुठली, कशी केली, ते लेबल सांगतं. ही बाटली आज कशी आहे, ते चाखणाऱ्यानंच सांगायचं."

हे वाक्य मी मनात ठेवलं.

भावजय तोवर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, आमच्याकडे पाठ करून, लसूण सोलत बसली होती. लसणाला वास येतो म्हणून तेही बाहेर नेऊन ठेवायला लावलं, तेव्हा ती नुसतीच बसली.

दोन्ही बाटल्या एकाच उत्पादकाच्या, एकाच वर्षाच्या. दोन पेल्यांत दोन-दोन बोटं ओतली. आधी रंग. खाली पांढरा कागद धरायचा आणि पेला तिरका करायचा. मला वाटलं होतं काळीभोर शाई असेल. पण ही द्राक्षं फार गडद रंग देत नाहीत, कागदावरची अक्षरं पलीकडून वाचता आली. मधोमध आमसुलाच्या साराचा रंग, कडेला जरा विटकरी. कड विटकरी होत जाते तशी वाइन वयानं वाढलेली समजायची. रंग येतो तो सालीतून. लाल द्राक्षाचाही रस बहुधा पांढराच असतो, सालीसकट आंबवला म्हणजे लाल होतो. आपल्या बागांतलं खायचं द्राक्ष मोठं, पातळ सालीचं, बिनबियांचं. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. दोन्ही एका कुळातली, पण एक पाटावर बसवायची आणि एक पाट्यावर वाटायची!

मग वास. पेला न हलवता एकदा, गोल फिरवून एकदा. मी पहिला पेला नाकाशी नेला. वाईट काही वाटलं नाही, पण चांगलंही काही वाटेना. नुसतं मुकं मुकं. भाचीनं हुंगला, कपाळाला आठी घातली, पुन्हा हुंगला. "फळ दबलंय," एवढंच म्हणाली आणि वहीत लिहू की नको अशी पेन धरून बसली. बाटली महागाची होती, पगारातून घेतलेली. चेहऱ्यावर दिसत होतं.

आणि मैत्रिणींनो, तेवढ्यात भावजय उठली. काय मनात आलं कुणास ठाऊक! पदर सावरत आली, पेल्याला हात न लावता नुसती वाकली, हुंगलं आणि म्हणाली, "ह्यो तर भिजल्या पोत्याचा वास. कोठीत पाणी शिरलं तवा ज्वारीच्या पोत्यांना आलता तसा."

भाचीनं तिसऱ्यांदा वास घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले. "आई, बरोबर! अगदी बरोबर. बुचाचा दोष आहे."

तिनं मग आम्हाला समजावून सांगितलं. बाटलीचं बूच एका झाडाच्या सालीचं असतं. कधीकधी त्या सालीत बुरशीच्या कामामुळे एक द्रव्य तयार होतं. ते अगदी कणभर असलं तरी वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा, भिजक्या गोणपाटाचा वास येतो आणि फळाचा वास मरतो. पोटाला अपाय नाही, पण वाइन वाया गेली. एक बाटली अशी निघाली तरी तिची जुळी बहीण चांगली असू शकते, कारण दोष त्या बुचाचा असतो. वाइनच्या शाळेत हा वास ओळखायला मुद्दाम शिकवतात. भावजयीला तो ज्वारीच्या कोठीनं शिकवला होता.

"मग आता ह्याचं काय करायचं?" भावजयीनं दोन दिवसांत लेकीला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"वहीत लिहायचं. बाटली पहिली, बुचाचा दोष, नापास."

"महाग असंल की गं."

"असू दे ना आई. महाग आहे म्हणून चांगली लिहिली, तर माझी नोकरी काय कामाची?"

भावजय काही बोलली नाही. पण या खेपेला उंबऱ्यावर जाऊन बसली नाही, ओट्याला टेकून उभी राहिली.

दुसरी बाटली मात्र बोलायला लागली. भाची म्हणाली, आंबट चेरीचा वास. मी म्हटलं, बाई, आम्ही चेरी खाल्ली ती केकवरची साखरेत बुडवलेली, तिचा वास आम्हाला काय ठाऊक! तू आमच्या भाषेत विचार. मग आम्ही आमच्या भाषेत शोधलं. आलुबुखार सापडला. डाळिंबाचे दाणे सापडले. डबा उघडल्यावर येतो तसा कोरड्या चहापत्तीचा वास, आणि मागे तापलेल्या मातीवर पहिलं शिंपण केल्यासारखं काहीतरी. भाचीनं सगळं लिहून घेतलं. म्हणाली, "चूक काहीच नाही. ज्याला जे ठाऊक, त्यानं त्यात सांगावं. फक्त नसलेलं सांगू नये."

मग घोट. एवढासा, चमचाभर. जिभेवर पसरायचा, थोडी हवा आत ओढून तोंडभर फिरवायचा नि थुंकायचा. आम्हा बायकांना चारचौघांत थुंकायची सवय कुठली! पहिला घोट पिकदाणीऐवजी माझ्या पांढऱ्या पदरावर गेला. त्या डागाचं पुढे सांगते.

तोंडात चार गोष्टी बघायच्या. गोडी आहे का? नव्हती, अगदी कोरडी. आंबटाई? जिभेच्या कडांना पाणी सुटलं, चिंचेचं बुटूक चोखल्यासारखं. तुरटी? हिरड्या आणि गाल आवळून आले, जांभळं खाल्ल्यावर किंवा जास्त उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर येतात तसे. ही तुरटी साल आणि बियांतून येते. आणि चौथी ऊब, म्हणजे घशाला जाणवणारा मद्याचा चटका. तो किती आणि बोचतो की नाही, ते बघायचं. इटलीत ही वाइन जेवणाबरोबर घेतात. आंबटाईनं तोंडाला पाणी सुटतं, तुरटीनं तुपातेलाचा थर उतरतो. आपण जेवणाच्या शेवटी ताक घेतो, त्यातलाच हिशेब.

शेवटी निकाल. तोही चार प्रश्नांचा. तोल आहे का, की एकच चव बाकीच्यांच्या डोक्यावर बसली आहे? थुंकल्यावर चव किती वेळ टिकते? चव ठसठशीत आहे की पाणचट? आणि तिला पदर किती, म्हणजे एकच वास की एकामागून एक उलगडणारे? मी मनात आकडे मोजले. अकरापर्यंत चव जिभेवर होती. भाचीनं लिहिलं, तोल चांगला, आंबटाई वरचढ पण जाचक नाही, टिकाव मध्यमाच्या वर, चांगली बाटली, अजून तीन-चार वर्षं ठेवता येईल.

बघा बरं, हे सगळं आपण आमटी चाखताना करत नाही का? मीठ पुढे आलं का, गूळ मागे राहिला का, आमसूल जास्त झालं का. जन्मभर तोल, टिकाव आणि पदरच बघत आलो. फक्त त्याला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही आणि पगारही दिला नाही.

भावजय म्हणाली, "हे परक्या मुलखातलं खूळ आपल्या वाट्याला कशाला आलं म्हणते मी." तेव्हा मात्र मला तेरची आठवण झाली. आपल्या जिल्ह्यातलं तेर, म्हणजे जुनं तगर. सुमारे एकोणीसशे-दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्रावरच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणतात त्या पुस्तकाला. त्यात आहे, की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे आणि तिथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जातं. आणि त्याच भडोचला बाहेरून काय उतरतं, तर वाइन. त्यातही पहिली पसंती इटलीच्या वाइनला! आपल्या राज्यात नेवाशाच्या उत्खननात रोमन वाइनच्या रांजणांची खापरं निघाली आहेत. तेरची हस्तिदंती बाहुली आणि इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ साली सापडलेली बाहुली या बहिणी शोभतात, असं जाणकार सांगतात. तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन या एकदा. आपल्या कापडावर त्यांची वाइन, असा हा व्यवहार फार जुना आहे.

आणि आज तर इटलीचं ते सांजोवेसे द्राक्ष शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, अकलूजजवळ पिकतं. इटलीतले दोन भाऊ, दिल्लीकडचे भाऊ आणि अकलूजचे भाऊ यांनी मिळून तिथं कारखाना काढला, नावच ठेवलं 'फ्रातेल्ली', म्हणजे भाऊ. टस्कनीचा एक जुना जाणकार वाइन करायला आला. त्यांची 'सेत्ते' नावाची वाइन सांजोवेसे आणि काबर्ने या दोन द्राक्षांची. सेत्ते म्हणजे सात. तेव्हा मुलखातल्या शेतकऱ्याच्या लेकीला यातलं ज्ञान असलं, तर ते फुकटचं खूळ म्हणता येणार नाही.

पण आता जे खडसावून सांगायचं तेही सांगते, नाहीतर म्हणाल, बाई दारूची वकिली करायला लागली. रोज थोडी वाइन हृदयाला चांगली, असं कुणी सांगेल तर विश्वास ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं आहे, की मद्याचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही. वाइनमधलं मद्य हे मद्यच, त्यानं कर्करोगाचा धोका वाढतो. पोटुशीनं तर थेंबही घेऊ नये. २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकायला मान्यता दिली होती, तेव्हा भावजय विरोधात होती आणि मीही होते. तो निर्णय पुढे अमलात आला नाही, त्याचं मला वाईट वाटलं नाही. साखरेच्या पुड्याशेजारी बाटली नको, हे माझं आजही मत आहे.

मग भाचीच्या नोकरीचं काय? याचं सोपं उत्तर माझ्यापाशी नाही. ती बनवणाऱ्यांत आहे, हे खरं. भावजयीचा भाऊ ज्यानं गेला, त्याच कुळातलं हे आहे, हेही खरं. भाचीलाही ते टोचतं. तिनंच मला सांगितलं, "आत्या, मामाची आठवण मला रोज येते. म्हणूनच मी कधी गिळत नाही." पण एक फरक मी डोळ्यांनी पाहिला. पिणारा शुद्ध घालवण्यासाठी पितो, ही पोरगी शुद्धीवर राहून तपासते. आपल्या तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतमंडळींची डोकी तपासली होती, पक्कं कोण आणि कच्चं कोण. नामदेवांना कच्चं मडकं म्हणायला ते कचरले नाहीत. देवमाणसांची बरोबरी वाइनशी करत नाही हं मी, राग मानू नका. पण तपासणाऱ्यानं भीड ठेवायची नसते, एवढं आपल्या मातीला जुनं ठाऊक आहे.

निकाल लिहून झाल्यावर भाचीनं काय केलं ठाऊक आहे? दोन्ही बाटल्या, चांगलीसुद्धा, उचलून मोरीत ओतल्या आणि वरून बादलीभर पाणी सोडलं. "काम झालं," म्हणाली. भावजय दारात उभी राहून शेवटपर्यंत बघत होती.

मी ज्यासाठी नेमले गेले होते ते समजावणं राहूनच गेलं. जी मुलगी स्वतःच्या पैशाच्या बाटलीलाही नापास लिहिते, तिच्या कपाळावर आपण खोटं लेबल चिकटवायचं? आणि तेही लग्नात, जिथं उघडल्यावर परत बूच लावता येत नाही? भावाला मी फोनवर एवढंच सांगितलं. तो "बघू" म्हणाला. पुरुषांचं 'बघू' म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

रविवारी मंडळी आली. मीही गेले होते. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईनं विचारलं, "मुलगी नेमकं काय काम करते हो?" भावानं घसा खाकरला. पण त्याच्या आधी भावजय बोलली, माझ्या भावजयीनं चारचौघांत पुरुषांच्या आधी तोंड उघडलेलं मी प्रथमच पाहिलं. "वाइनच्या कारखान्यात चव तपासायचं काम करती. पीत न्हाई, थुंकती. चांगली कुठली नि खराब कुठली, ते खरं लिहिती. माझा भाऊ दारूनं गेलाय, मला ते काम आवडत न्हाई. पण पोरगी खोटं बोलत न्हाई, म्हणून मीबी खोटं सांगत न्हाई."

सगळे गप्प. पंख्याचा आवाज तेवढा. मग मुलाच्या आईनं हातातली कपबशी खाली ठेवली आणि भाचीला म्हणाली, "मग या चहाची चव सांग बरं."

भाचीनं माझ्याकडे बघितलं. चहा मी केला होता. "पत्ती फार वेळ उकळलीय. तुरट झालाय," ती म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं," म्हणून ती बाई हसली. निरोप अजून आलेला नाही. काय येईल ते येवो. भावजय लेकीशी बोलायला लागली आहे, आणि माझ्या चहावर घरात अजून चर्चा चालू आहे.

आता पदराच्या डागाचं. लाल वाइनचा डाग जांभळाच्या डागासारखाच. चोळू नका, कोरड्या फडक्यानं टिपा. लगेच साबण किंवा धुण्याचा सोडा लावू नका, त्यानं हा रंग निळसर होतो. आधी गार पाणी, मग पांढऱ्या व्हिनेगरचे किंवा लिंबाचे दोन थेंब, पुन्हा गार पाणी आणि मग साबण. माझा पदर निघाला. जांभळाच्या दिवसांत मुलांच्या शर्टांनाही हेच करा.

चहाची पत्ती फार उकळू नका. आणि पुढच्या आठवड्यात कुरडया, नक्की.